बारा चिंचोके

आजारपणात सगळ्यात जास्त काय दुखलं, असं कुणी विचारलं की मी 'पाठ' म्हणून मोकळी होते. पाठ दुखायचीच, खोटं नाही. पण खरं उत्तर वेगळं आहे. मला सगळ्यात जास्त दुखल्या त्या माझ्या धाकट्या जावेच्या चपला. आमच्या परळच्या बागेत ती फेऱ्या मारायची. त्या चपलांचा फटक फटक आवाज लांबून जवळ यायचा, माझ्या व्हीलचेअरजवळून पुढे जायचा आणि मी आतून जळून खाक व्हायचे.

आजारी माणसाला रडू येतं हे सगळ्यांना मान्य असतं. चिडचिड होते, तीही लोक समजून घेतात. पण आजारी माणसाला हेवा वाटतो, आणि तोही जी बाई आपलं सगळं करते तिचाच, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटला. भरपूर वाटला. म्हणून लिहिते. माझ्यासारखीच कुणी खाटेवर पडून दुसऱ्याच्या पायांकडे बघत असेल, तर तिला निदान कळू दे की ती एकटीच वाईट नाही.

मशीनला तेल

मी ब्लाऊज शिवते. लग्न होऊन परळच्या चाळीत आले तेव्हापासून शिवतेय. चाळ गेली, तिच्या जागी टॉवर आला, आम्ही सातव्या मजल्यावर गेलो. दोघे भाऊ समोरासमोरच्या दारांत. माझं मशीन खिडकीशी. परबवहिनींच्या हातचा ब्लाऊज म्हणजे काखेत चुणी पडणार नाही, अशी माझी ख्याती. ती मी स्वतःच सांगते, कारण आमच्या घरात दुसरं कुणी सांगत नाही.

आजार सुरू झाला त्या आठवड्यात माझं पोट बिघडलं होतं. ते बरं झालं आणि मशीनचा पायटा जड लागायला लागला. मी यांना म्हटलं, "तेल घाला हो जरा." यांनी तेल घातलं. दुसऱ्या दिवशी आणखी जड. मी म्हटलं, "तुम्ही कुठलं तेल घातलंत? खोबरेल घातलंत की काय?" आमची त्यावरून चांगली जुंपली. पट्टा बदलून झाला, मशीनवाल्याला वर बोलावून झालं. त्याने दोन बोटांनी चाक फिरवून दाखवलं. चाक लोण्यासारखं फिरत होतं.

"भाभी, मशीन एकदम ओके आहे," तो म्हणाला.

तेव्हा मी उठून त्याला चहा करायला गेले आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर गुडघ्यातून बसले. पडले नाही, बसले. पाय होते, पण ते माझं ऐकत नव्हते. संध्याकाळपर्यंत सुई बोटांतून सुटायला लागली. धाग्याचं टोक नाकाजवळ दिसत होतं आणि बोटं ते धरत नव्हती.

एका श्वासात

हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरणीने माझ्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय उडाला नाही. मी म्हटलं, "पुन्हा मारा." तिने पुन्हा मारली. मी म्हटलं, "जोरात मारा हो." तिने हातोडी खिशात ठेवली आणि यांना बाहेर घेऊन गेली. कमरेत सुई घालून पाणी काढलं, मग नाव कळलं. लांबलचक परदेशी नाव, सगळे जीबीएस म्हणतात. रोगाशी लढायची आपलीच ताकद आपल्याच नसांवर उलटते, असं तिने सोप्या शब्दांत सांगितलं. "बऱ्या व्हाल," ती म्हणाली. "पण किती दिवसांत, ते मी सांगणार नाही." तिने खोटा धीर दिला नाही, हे मला पुढे फार उपयोगी पडलं. त्या दिवशी मात्र तिचाही राग आला, कारण ती टाचा वाजवत निघून गेली.

वॉर्डातलं आमचं घड्याळ आकड्यांचं होतं. दर दोन तासांनी सिस्टर येऊन म्हणायची, "मावशी, श्वास घ्या आणि एका दमात आकडे मोजा." पहिल्या दिवशी मी तेवीसपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी सतरा. तिसऱ्या दिवशी अकरावर दम संपला आणि सिस्टरचा चेहरा बदलला. माझी खाट ढकलत आत नेली, जिथे माणसं नळ्या लावून झोपलेली असतात. मरणाची भीती म्हणजे काय, तर बारा म्हणता न येणं. मी ओठांनी बारा म्हणत होते, आवाज निघत नव्हता.

नळीची वेळ आली नाही. आठ दिवस अकरा-दहा-अकरा चाललं आणि मग एका सकाळी चौदा झाले. आत माझी सोबत एका माशीने केली. ती माझ्या चादरीवर चालायची. सहाच्या सहा पाय चालू. मी तिच्याकडे बघत विचार करायचे, देवा, हिला सहा कशाला?

तिथे एक गोष्ट चांगली होती. नाक खाजलं तर मला हात उचलता येत नव्हता आणि सांगायलाही लाज वाटायची. विद्या, माझी धाकटी जाऊ, भेटीच्या वेळेत यायची आणि काही न विचारता आधी माझं नाक पदराने हलकेच चोळायची. मग केस विंचरायची. हे यांना सुचलं नाही, पुण्याहून धावत आलेल्या माझ्या मुलालाही सुचलं नाही. विद्याला सुचलं, आणि मला तेव्हा तिच्यावर माया आली. ही माया नंतर कुठे गेली ते आता सांगते.

राजमा

घरी आले ती व्हीलचेअरवरून. पाय उशीसारखे, हात कोपरापर्यंत बरे, बोटं नुसती टांगलेली. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. देवापुढे उभ्या राहून त्यांनी खणखणीत गाऱ्हाणं घातलं, "माझे पाय तिका दी, म्हाराजा. माका आता खंय जावचा आसा?" आणि मग गाऱ्हाणं संपवून त्या स्वतःच्या त्याच पायांनी तुरुतुरु मोरीत गेल्या. मला त्यांचाही हेवा वाटला. लिहून टाकते, लपवत नाही.

फिजिओवाली मुलगी यायची. तिने दोन वाट्या ठेवल्या, एकीत राजमा. "आंटी, अंगठा आणि पहिलं बोट. एक एक दाणा या वाटीतून त्या वाटीत." ज्या हाताने मी हूक लावले, काजं केली, त्याला राजम्याचा दाणा उचलता येईना. सुटायचा, घरंगळायचा, पुन्हा सुटायचा. चौथ्या दिवशी मी मनगटाने वाटी ढकलून दिली. राजमा घरभर झाला. "माझ्यापुढे हे पुन्हा आणायचं नाही," मी म्हटलं. विद्या गुडघ्यांवर बसून दाणे गोळा करत होती. पुढे कितीतरी महिने झाडताना राजमा सापडत होता.

माझं मशीन झाकून ठेवलं होतं. सुई धरता आली नाही तर मी कोण, हा एकच प्रश्न मला होता. पायांचं काय, पाय गेले तरी मोटर लावून शिवता येतं. बोटं गेली तर काहीच नाही.

फिरतं फाटक

आमची बाग म्हणजे तीन रस्त्यांच्या बेचक्यातला तुकडा. भोवती रेलिंग, मध्ये कोरडं कारंजं, दोन बदामाची झाडं, कडेने कट्टा आणि चालायची फरशी. कारंज्याला उजव्या हाताला ठेवूनच सगळे फिरतात, देवळातल्या प्रदक्षिणेसारखे. एक पेन्शनर मात्र उलटे फिरतात. ते म्हणतात, सगळ्यांची तोंडं बघायला मिळतात.

फाटक फिरतं. चार लोखंडी दांडे, एका वेळी एक माणूस. चाळीत होतो तेव्हा मी त्यातून शिवणाच्या दोन पिशव्या घेऊन जायचे. व्हीलचेअर त्यातून जात नाही. पहिल्या दिवशी विद्याने मला फाटकापर्यंत आणलं आणि आम्ही दोघी त्या दांड्यांकडे बघत राहिलो. मोठं फाटक कुलपात. माळी म्हणाला, "ते फक्त कचऱ्याच्या गाडीला उघडतो."

विद्या म्हणाली, "मग कचऱ्याची गाडी समजा ना दादा."

मला हसू यायला हवं होतं. नाही आलं. पण त्याने कुलूप काढलं आणि पुढे रोज काढत राहिला.

फेऱ्या मोजायची पद्धत त्या बागेची स्वतःची आहे. कांबळेबाई म्हणून एक निवृत्त शिक्षिका तिथे येतात. म्युनिसिपालिटीच्या शाळेत पहिलीच्या पोरांना त्यांनी चिंचोक्यांवर मोजायला शिकवलं. "मोबाईलवर पावलं मोजतात, तो आकडा नुसता हात हलवला तरी वाढतो," असं त्या म्हणतात. म्हणून त्यांनी बागेत चिंचोके आणले. कट्ट्यावर डावीकडे बारा चिंचोके मांडायचे. एक फेरी झाली की एक चिंचोका उजवीकडे. डावीकडचे संपले की घरी. बागेतल्या सगळ्या बायकांचं चालणं आता असंच चालतं. त्यांनी विद्यालाही बारा चिंचोके दिले.

विद्याला शुगर होती. कितीतरी वर्षं डॉक्टर चालायला सांगत होते आणि ती "वेळ कुठे आहे" म्हणत होती. आता मला रोज बागेत बसवायचं, मग तासभर करायचं काय? "वहिनी, तुम्ही बसा हां, मी एक राउंड मारून आले," असं म्हणून ती निघाली आणि पहिल्या दिवशी दोन फेऱ्यांत धापा टाकत परत आली. तेव्हा मला बरं वाटलं होतं. आठवड्यात सहा झाल्या. महिन्याभरात बारा. तिच्या गालांवर तकाकी आली, पोट उतरलं, शुगर खाली आली, डॉक्टरांनी पाठ थोपटली. लोक फाटकातून आत येता येता थांबायचे. "काय गं विद्या, किती बारीक झालीस!" आणि मग माझ्याकडे मान वळवून आवाज हळू करत, "आणि तुम्ही कशा आहात?"

माझं आजारपण तिला मानवलं. दुसरं काय म्हणू? मी खुर्चीत बसले म्हणून ती चालायला लागली. माझं स्वयंपाकघर तिच्याकडे गेलं, माझे सणवार तिच्याकडे गेले, आणि आता असं वाटायचं की माझे पायही तिनेच घेतले. ती संकष्टीही माझ्यासाठी धरायला लागली होती. सासूबाई लिफ्टमध्ये भेटेल त्याला ते सांगायच्या. म्हणजे पुण्यही तिचंच.

पहिला चिंचोका

माझी खुर्ची कट्ट्याला लावलेली असायची. चिंचोके माझ्या हाताशी. एके दिवशी ती कारंज्यामागे गेली आणि माझा हात आपोआप कट्ट्यावर गेला. उजवीकडचा एक चिंचोका मी हाताच्या कडेने डावीकडे सरकवायला गेले. तीन खाली पडले. मी घाबरून हात मांडीत घेतला. ती आली, वाकून तिन्ही उचलले, "वारा आहे आज," म्हणाली आणि ते उजवीकडे ठेवून पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी मी ठरवूनच बसले. हाताच्या कडेने ढकलून भागणार नव्हतं, चिंचोका उचलूनच ठेवायला हवा होता. अंगठा आणि पहिलं बोट. एक फेरी जेमतेम अडीच मिनिटांची. तेवढ्या वेळात उचलायचा, इकडून तिकडे न्यायचा, ठेवायचा आणि तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. पहिल्या फेरीत जमलं नाही. चौथीत जमलं नाही. दोन खाली पडले. तिच्या अकराव्या फेरीला मी एक चिंचोका उचलला. घामाने कपाळ ओलं झालं होतं. तो डावीकडे ठेवला आणि विद्या त्या दिवशी तेरा फेऱ्या चालली.

इतका आनंद मला आजारी पडल्यापासून झाला नव्हता. ती तेरावी फेरी मी डोळे भरून पाहिली.

मग तो माझा रोजचा धंदा झाला. कधी एक, कधी दोन. मी बागेत जायला दुपारपासून तयार होऊन बसायचे. हे खूश झाले, "हिला हवा मानवली," म्हणाले. विद्या कधी तेरा चालायची, कधी चौदा. घाम पुसत म्हणायची, "आज का कोण जाणे, जास्त वाटलं हो वहिनी." मी म्हणायचे, "वय झालं तुझं."

संकष्टी

त्या दिवशी संकष्टी होती. मला ठाऊक होतं, हे आधी सांगते. तिने सकाळी रताळ्याचा कीस खाल्ला होता आणि नंतर नुसता चहा. शुगरची गोळी मात्र घेतली होती. उपास असला तरी औषध चुकवायचं नाही, असं आमच्याकडच्या बायकांचं आपलं शास्त्र असतं. डॉक्टरांना कुणी विचारत नाही.

फाटकाशी आमची एक जुनी शेजारीण भेटली. "विद्या, तू तर कॉलेजातली पोरगी दिसायला लागलीस," असं म्हणाली, आणि मला, "वहिनी, तुम्हीपण बऱ्या दिसताय हां." त्या 'पण'ने माझं डोकं फिरलं. मी त्या संध्याकाळी तीन चिंचोके मागे घेतले. एका पाठोपाठ एक, न पाडता. तिसरा तर मी जरा टेचातच ठेवला.

चौदावी फेरी झाली. विद्याचा चेहरा पांढरट दिसत होता. तिने चिंचोका सरकवला आणि ती पुढे गेली. पंधराव्या फेरीला ती कारंज्यामागे गेली आणि चपलांचा आवाज थांबला.

मी वाट पाहिली. उलटे फिरणारे पेन्शनर कारंज्यामागे पोचले होते. त्यांचा आवाज आला, "अहो ताई, खाली बसा, खाली बसा!" माणसं धावली. मला काही दिसत नव्हतं. मी चाकावर तळवा टाकला, तो घसरला. ब्रेक लावलेला होता आणि तो खाली वाकून काढणं मला शक्य नव्हतं. जो आवाज ऐकून मी महिनोन्महिने जळत होते, तो यावा म्हणून मी आता कानांत जीव आणून बसले होते. फटक फटक. ये गं बाई, ये. नाही आला.

मी ओरडले. छातीत होता नव्हता तेवढा श्वास घेऊन ओरडले, "तिला शुगर आहे! गोड द्या तिला! आधी गोड द्या!"

कांबळेबाईंनी ऐकलं. फाटकाबाहेर उसाच्या रसाची गाडी उभी असते. त्या वयाला न शोभेलशा धावल्या आणि ग्लास घेऊन आल्या. नंतर त्यांनीच सांगितलं, विद्याला नीट दिसतही नव्हतं, ओठ थरथरत होते, आणि ग्लास तोंडाला लावल्यावर तिने आधी विचारलं, "रस उपासाला चालतो ना?"

"चालतो गं बये, पी!" कांबळेबाई तिच्यावर डाफरल्या.

पाव तासाने ती चालत माझ्याकडे आली. मला ढकलत घरी नेलं. हो, तीच माझी खुर्ची ढकलत होती. मी पुढे बघत बसले होते आणि मला वर बघायची हिंमत नव्हती.

कबुली

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी विद्या माझ्या ओट्याशी बांगडे साफ करत होती. घरात आम्ही दोघीच. मी दाराशी खुर्ची लावून बसले होते.

"विद्या, मी तुझे चिंचोके मागे घेत होते," मी म्हटलं.

"ठाऊक आहे."

तिने वळूनही पाहिलं नाही. बांगड्याचं डोकं कापलं, बाजूला टाकलं.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवशी तीन खाली पडले होते ना? परळला एवढा वारा कधी असतो वहिनी?" ती आता वळली. हात मच्छीचे, म्हणून कोपराने कपाळावरचे केस मागे सारले. "दुसऱ्या दिवशी दोनच पडले. मग एक. मग पडायचे बंद झाले. मी कारंज्याच्या फटीतून बघायचे तुमची बोटं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही केलं असतं? राजम्याचं काय केलंत? पलंगाखालून अजून निघतोय." ती हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "पण त्या दिवशी तीन म्हणजे जरा जास्तच झाले हां. उपास होता. माझीपण चूक, गोळी घ्यायला नको होती. पण तुम्ही एकामागोमाग तीन उचललेत हे बघून मला एवढं बरं वाटलं ना, म्हटलं जाऊ दे, मारू."

मला रडू आलं. पुस्तकांत लिहितात तसं ते पश्चात्तापाचं रडू होतंच, पण सगळं तेच नव्हतं. मला वाटत होतं मी हिला फसवतेय, आणि हीच माझ्याकडून व्यायाम करून घेत होती. यातही हीच वरचढ. मला तर दुष्टपणाही धड माझा म्हणून करता आला नव्हता.

"तुला राग नाही आला माझा?" मी विचारलं.

"आला ना. खूप आला. काय मी देव आहे?" तिने सुरी धुतली. "पण खरं सांगू? तुम्ही आजारी पडलात तेव्हा पहिल्यांदा या घरात माझ्या आमटीला कुणी नाव नाही ठेवलं. इतकी वर्षं काय, तर मोठ्या वहिनींसारखी नाही. मलापण कधी कधी वाटायचं, बसू देत अजून चार दिवस."

मग कुकरची शिट्टी झाली आणि ती भात बघायला वळली.

दाब

त्यानंतर मी राजमा मागून घेतला. राजमा, मग चवळी, मग मूग, मग मोहरी. सुई धरली तेव्हा सासूबाईंना दृष्ट काढायची घाई. ओवायला आणखी बरेच दिवस लागले. ओवली तेव्हा खोलीत कुणी नव्हतं, मी मुद्दामच कुणी नसताना बसले होते.

पहिलं काम विद्यानेच आणलं. पाच ब्लाऊज. "सगळे ढगळ झालेत वहिनी, जरा आत घ्याल?"

तिचे ढगळ झालेले ब्लाऊज, माझ्या बोटांनी आत घ्यायचे. दुसऱ्या कुणी हे काम आणलं असतं तर मी सुखाने नाचले असते. मी माप घेतलं. दोन्ही बाजूंनी चांगले दोन-दोन बोटं आत घ्यावे लागणार होते. मशीनला मोटर लावून घेतली होती, पण ही शिवण मी हातानेच घातली, वाकडी-तिकडी, एका ब्लाऊजला चार दिवस. आतला जादा दाब, म्हणजे शिवणीआड उरलेलं कापड, मात्र कापलं नाही. कोण जाणे, पुन्हा जाड झाली तर. मनात असंही आलं की व्हावी. मग मनात आलं की नको. दोन्ही आलं, एकाच टाक्यात.

लोक म्हणतात, आजारपण माणसाला मोठं करतं. मला तरी केलं नाही. मी होते तेवढीच आहे, फक्त आता हेवा वाटला की मी तो ओळखते. घरातल्या जुन्या पाहुण्यासारखं त्याला म्हणते, बस बाबा, चहा घे आणि जा. कधी जातो, कधी मुक्कामाला राहतो.

फेरी

गेल्या महिन्यात मी फिरत्या फाटकातून आत गेले. काठी घेऊन, दांडा ढकलून, स्वतःच्या पायांनी. माळी मोठ्या फाटकाचं कुलूप काढायला किल्ली घेऊन उभा होता, तो तसाच उभा राहिला. विद्या माझ्या मागे, पण हात न लावता.

तिने कट्ट्यावर माझ्यासाठी सहा चिंचोके मांडले आणि शेजारी बसली. "तुम्ही चाला. मी ठेवते एक एक."

एक फेरी मला दहा मिनिटं लागते. मध्ये दोनदा थांबावं लागतं. उलटे फिरणारे पेन्शनर मला एका फेरीत चारदा भेटतात आणि दर वेळी नमस्कार करतात. पहिले काही दिवस दोनच जमल्या, मग तीन. काल सहा जमल्या. मी मोजत होते, पाऊल न् पाऊल मोजत होते. अकराच्या पुढे बारा म्हणता येत नव्हतं तेव्हापासून माझं मोजणं कधी चुकत नाही. सहावी संपवून मी कट्ट्याशी आले. पिंडऱ्या थरथरत होत्या, खाली बसायचं एवढंच डोक्यात होतं.

कट्ट्यावर डावीकडे एक चिंचोका शिल्लक होता.

मी विद्याकडे पाहिलं. ती मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती, देवळात बसावं इतक्या साध्या चेहऱ्याने.

"आज वारा आहे का गं?" मी विचारलं.

"थोडा आहे," ती म्हणाली.

मी काठी सावरली आणि सातव्या फेरीला निघाले.